अर्जाच्या पोटातला अर्ज

या विषयाकडे कोणी हौसेनं वळत नाही. मीही वळलो नव्हतो. कुटुंबाची माहिती भरून घेणारा एक फॉर्म माझ्या वाट्याला आला होता. वर कुटुंबप्रमुखाचं नाव, पत्ता, पिनकोड. खाली सदस्यांचा तक्ता आणि ‘आणखी सदस्य जोडा’ असं बटण. दोन्ही क्लासवर नियमांची ॲनोटेशनं मीच लावली होती: नाव कोरं चालणार नाही, जन्मतारीख भूतकाळातलीच हवी, वगैरे. प्रमुखाचं नाव कोरं ठेवून फॉर्म पाठवून पाहिला, लाल अक्षरांत चूक उमटली, आणि मी समाधानानं चहाला गेलो. काही आठवड्यांनी डेटाबेसमध्ये अजून जन्मालाही न आलेली मुलं सापडली. सदस्यांच्या यादीवर ‘व्हॅलिड’ हे एक ॲनोटेशन लिहायचं राहून गेलं होतं. तपासणी प्रमुखापाशी सुरू झाली आणि तिथेच संपली. एरर नाही, लॉगमध्ये इशारा नाही, कंपायलरची कुरकूरही नाही.

आधी लाज वाटली, गोडी नंतर लागली. चूक करणाऱ्याला कोणीच काही सांगत नाही, अशा जागा प्रोग्रॅमिंगमध्ये फार नाहीत. या विषयात मात्र त्या पावलोपावली आहेत, आणि पुढच्या पानांत आपण मुख्यतः त्याच हुडकत जाणार आहोत.

विषय सांगायला सोपा आहे. जावात लिहिलेल्या वेब ॲप्लिकेशनमध्ये एका फॉर्मच्या आत दुसरा, त्याच्या आत कधी तिसरा फॉर्म येतो. त्यात भरलेली माहिती तपासायची कशी आणि चुकली तर कुठे सांगायचं? ऑफिसात सगळे याला नेस्टेड फॉर्म म्हणतात. जमिनीच्या कागदांनी आपल्याला पोटहिस्सा दिला, कायद्यानं पोटकलम दिलं, त्याच वळणावर मी पोटफॉर्म म्हणणार आहे. पहिल्यांदा हसू येईल, दोन पानांत सवय होईल.

सोबतीला एकच उदाहरण शेवटपर्यंत ठेवू या. ते माझं आहे, कोणत्याही सरकारी प्रणालीचं वर्णन नव्हे. एक खातेदार वारला. जमीन स्वकष्टार्जित, मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, एक मुलगी, एक मुलगा. आणखी एक मुलगा बापाच्या आधीच गेला, त्याची पत्नीही हयात नाही, पण दोन मुलं आहेत. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं जमिनीचे चार वाटे पडतात, आणि गेलेल्या मुलाचा चौथा वाटा त्याच्या दोन मुलांत निम्मा-निम्मा होतो. म्हणजे अर्जात वारसांचा तक्ता, आणि चौथ्या वारसाच्या ओळीत आणखी एक तक्ता. तलाठ्यासमोर बसून हे कागदावर लिहिताना कोणालाही अडखळायला होत नाही. ब्राउझरमध्ये मात्र पहिल्याच पायरीला ठेच लागते.

ठेच अशी की ब्राउझर सर्व्हरला जे पाठवतो, त्याला पोटच नसतं. नेहमीचा फॉर्म पाठवला की निघतात ती नाव-किंमत अशा जोड्यांची एक सपाट माळ: या नावाचं खानं, त्यात हा मजकूर, मग पुढचं खानं. झाड नाही, फांद्या नाहीत. चौथ्या वारसाच्या दुसऱ्या मुलाची जन्मतारीख ही चौथ्या वारसाच्या दुसऱ्या मुलाची आहे, हे कळतं ते फक्त नावातून: वारस[३].मुलं[१].जन्मतारीख. जावात मोजणी शून्यापासून, म्हणून चौथ्याला तीन आणि दुसऱ्याला एक. (अशी देवनागरी नावं जावाच्या व्हेरिएबलना देता येतात. कंपायलरला चालतात, सहकाऱ्यांना चालत नाहीत.) सर्व्हरवरचं फ्रेमवर्क ते नाव टिंबांवर आणि कंसांवर तोडतं आणि त्याबरहुकूम ऑब्जेक्टचं झाड पुन्हा उभं करतं. याला बाइंडिंग म्हणतात. झाड उभं राहिल्यावर तपासणी. तपासणीत सापडलेल्या चुकीला पुन्हा तसंच नाव द्यायचं, आणि त्या नावाच्या खान्याखाली ती छापायची. म्हणजे नाव जाताना पत्ता असतं आणि येतानाही पत्ताच असतं. पोटफॉर्मच्या पडताळणीतली नव्वद टक्के डोकेदुखी नियमांची नसून या पत्त्यांची आहे, असं माझं मत आहे. नव्वद हा आकडा अर्थातच वैतागातून आलेला.

एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या टॅगमध्ये फॉर्मचा टॅग ठेवायला मुळात बंदी आहे, हे अनेकांना वर्षानुवर्षं काम करूनही माहीत नसतं. कारण ब्राउझर ओरडत नाही. एक फॉर्म उघडा असताना दुसऱ्याचा सुरुवातीचा टॅग दिसला की तो सरळ गिळून टाकायचा, असा पार्सरचा नियमच आहे. पण आतल्या फॉर्मचा शेवटचा टॅग गिळला जात नाही! तो बाहेरच्या फॉर्मला लागू होतो आणि बाहेरचा फॉर्म अर्ध्यातच बंद होतो. मग खालची खानी आणि सबमिटचं बटण बऱ्याचदा बेवारस होतात. बटण दाबलं तरी काहीच का होत नाही, हे कोणाला कळत नाही. एचटीएमएल ५ने यावर एक पळवाट दिली: खान्याला किंवा बटणाला ‘फॉर्म’ हे ॲट्रिब्यूट लावून पानावर दुसरीकडे असलेल्या फॉर्मच्या नावावर चढवता येतं. रेशनकार्डावर नाव एका घरी आणि मुक्काम दुसऱ्या घरी, तसं.

जावावाल्यांनी या कोंडीतून आपापल्या वाटा काढल्या, त्यांचा इतिहास थोडक्यात. २००१मध्ये स्ट्रट्स आलं तेव्हा प्रत्येक फॉर्मसाठी ॲक्शनफॉर्म नावाचा क्लास लिहायचा आणि त्यातल्या व्हॅलिडेट मेथडमध्ये सगळं हातानं तपासायचं, अशी रीत होती. पुढे नियम एक्सएमएलमध्ये गेले आणि त्या फायली गावभर पसरल्या. स्ट्रट्स २मध्ये ‘व्हिजिटर’ नावाचा व्हॅलिडेटर मिळतो. तो स्वतः काहीच तपासत नाही, नुसता पोटातल्या ऑब्जेक्टकडे जाऊन तिथले नियम लागू करतो. नाव मला फार आवडतं. पाहुणा म्हणून जायचं, घरच्यांचे नियम पाळायचे. जेएसएफने सहा टप्प्यांचं जीवनचक्र आणलं, त्यात पडताळणीला स्वतःचा टप्पा मिळाला. स्प्रिंगने ‘एरर्स’ या इंटरफेसमध्ये पुशनेस्टेडपाथ आणि पॉपनेस्टेडपाथ अशा दोन मेथड दिल्या: पोटात शिरताना पत्त्याचा तुकडा जोडायचा, बाहेर येताना काढायचा. काढायला विसरलात की पुढच्या सगळ्या चुका चुकीच्या खोलीत जाऊन पडतात. हाही मौनाचाच प्रकार.

२००९ साल या विषयाला वळण देणारं ठरलं. जेएसआर ३०३, म्हणजे बीन व्हॅलिडेशनचं पहिलं मानक, त्या वर्षी पूर्ण झालं आणि जावा ईई ६मध्ये समाविष्ट झालं. नेतृत्व इमॅन्युएल बर्नार यांचं होतं, आणि मागे हायबरनेट व्हॅलिडेटरचा अनुभव होता. कल्पना अशी की नियम फॉर्मवर नको, फ्रेमवर्कच्या एक्सएमएलमध्ये नको. ज्या क्लासची माहिती आहे त्याच्याच अंगावर लिहावा, मग ती माहिती फॉर्ममधून येवो, वेब सर्व्हिसमधून येवो की डेटाबेसकडे जावो. २०१३च्या १.१ आवृत्तीत गटांचं रूपांतर करायची सोय आली. २०१७च्या २.० आवृत्तीत यादीच्या आतल्या घटकावर, अगदी कोनी कंसात, नियम लिहिता येऊ लागले. २०२०च्या ३.०मध्ये पॅकेजचं नाव जावाएक्सवरून जकार्ता झालं. त्या नामांतरानं बहुतेक लोकांचा एकेक आठवडा खाल्ला, आणि त्याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

आता थांबून बघण्यासारखी जागा: ‘व्हॅलिड’ या ॲनोटेशनचा नेमका करार काय आहे? ते म्हणतं, इथून आत उतर आणि तिथले नियमही तपास. एवढंच. आत काही असलंच पाहिजे, असं ते म्हणत नाही. वारसांची यादी नल असेल, तर उतरायला जागाच नाही. तपासणी गुपचूप पुढे जाते आणि एकही वारस नसलेला वारस-अर्ज उत्तीर्ण होतो. यादी असायलाच हवी हे सांगायला ‘नॉटनल’ किंवा ‘नॉटएम्प्टी’ वेगळं लागतं. दोन प्रश्न, दोन शब्द. आणि मुलाकडून बापाकडे, बापाकडून पुन्हा मुलाकडे असा दुवा असेल तर? तिथे मानक शहाणं आहे. मुळापासूनच्या वाटेवर जो ऑब्जेक्ट एकदा भेटला, तो त्याच वाटेवर पुन्हा भेटला तर सोडून द्यायचा. गरगर फिरत बसायचं नाही.

पत्त्याचा एक मजेशीर प्रसंग इथेच सांगतो. वारस यादीत न ठेवता सेटमध्ये ठेवले, तर चुकीच्या पत्त्यात चौकोनी कंस येतो आणि तो रिकामा असतो. सेटला क्रमच नाही, तर घर क्रमांक कुठून येणार? गल्ली कळली, घर कळलं नाही. कोणाच्या तरी नावात चूक आहे एवढंच तो सांगतो. पोटफॉर्म बांधताना सेट की लिस्ट हा निर्णय बहुतेक जण डेटाबेसकडे बघून घेतात. माझ्या मते तो चूक कुठे छापायची याकडे बघून घ्यावा.

मग येतो कोऱ्या पोटफॉर्मचा प्रश्न, आणि इथे मी वाचकाला जरा जास्त वेळ बसवून ठेवणार आहे. अर्जात ‘मुखत्यार असल्यास त्याची माहिती’ असा भाग आहे समजा. भरला तर नाव आणि पत्ता दोन्ही हवेत. न भरल्यास काही नको. माणसाच्या भाषेत वाक्य संपलं. यंत्राच्या भाषेत इथून सुरू होतं. ती खानी पानावर आहेत, म्हणून ब्राउझर ती पाठवतोच, कोऱ्या मजकुरासह. बाइंडरला मुखत्यार.नाव असं नाव दिसलं की तो मुखत्याराचा ऑब्जेक्ट तयार करतो, कारण नाव ठेवायला घर लागतं. आता मुखत्यार नल नाही. ‘व्हॅलिड’ आत उतरतं, नाव कोरं सापडतं, आणि ज्याला मुखत्यार नेमायचाच नाही त्याला सांगितलं जातं की मुखत्याराचं नाव भरा. उलटही होतं. नावावर ‘नॉटब्लँक’च्या जागी ‘नॉटनल’ लिहिलं असेल, तर कोरा मजकूर नल नसल्यामुळे खुशाल पुढे जातो. स्प्रिंगमध्ये कोऱ्या मजकुराचं नल करून देणारा एडिटर बसवता येतो, त्यानं खानं रिकामं होतं. खान्यांचं घर मात्र उभंच राहतं. तेव्हा ‘रिकामं’ या एका मराठी शब्दाचे इथे निदान चार अर्थ आहेत: खानं आलंच नाही, खानं कोरं आलं, ऑब्जेक्ट नाही, ऑब्जेक्ट आहे पण आत काही नाही. टिकचौकटीनं त्यात भर घातली आहे. टिक न केलेली चौकट ब्राउझर पाठवतच नाही, त्यामुळे ‘नाही’ म्हटलं की विचारलंच नव्हतं, हे कळायला स्प्रिंगचे टॅग शेजारी एक लपलेलं खानं ठेवतात.

माझा तोडगा कुरूप पण टिकाऊ आहे: मुखत्यार आहे का, हा प्रश्न वापरणाऱ्याला सरळ विचारावा, आणि उत्तर नकारार्थी असेल तर तपासणीआधी तो ऑब्जेक्ट आपल्या हातानं नल करावा. कोऱ्या खान्यांवरून मनातलं ओळखायच्या भानगडीत पडू नये. काही जाणकारांना हे पटत नाही. त्यांच्या मते हे काम क्लासवरच्या नियमाचं आहे. त्यांचा युक्तिवाद आठव्या प्रकरणात पूर्ण न्यायानं मांडला आहे.

याचाच भाऊबंद म्हणजे भूतवारस. वापरणाऱ्यानं तीन वारस जोडले आणि मधला काढून टाकला. पानावरून ओळ गेली, पण उरलेल्यांचे क्रमांक शून्य आणि दोन असेच राहिले. सर्व्हरवर बाइंडर दोन क्रमांकापर्यंत यादी वाढवतो आणि मधली जागा एका कोऱ्या ऑब्जेक्टनं भरतो. तपासणी त्या कोऱ्या वारसाचं नाव मागते. चूक छापायला जाते वारस[१]पाशी, तर पानावर ती ओळच नाही. अर्ज पुढे जात नाही आणि कारणही दिसत नाही. हे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की नव्या प्रकल्पात पाऊल ठेवल्यावर पहिल्यांदा मधली ओळ पुसून बघतो.

आणि वारस[९९९९९९९].नाव असं नाव कोणी मुद्दाम पाठवलं तर? यादी तेवढी वाढवायची? स्प्रिंगने आपणहून वाढायची मर्यादा मुळातच २५६वर ठेवली आहे. हा आकडा पहिल्यांदा भेटतो तो बहुधा कोणाची तरी खरीखुरी मोठी यादी अडकल्यावर. पण ती मर्यादा का आहे हे नीट समजून घ्यावं, कारण त्यामागे या विषयाची काळी बाजू आहे. नावातून झाड उभं करणं म्हणजे बाहेरच्या माणसाला आपल्या ऑब्जेक्टच्या पोटात वाट काढू देणं. २०१०मध्ये स्प्रिंगमध्ये सापडलेल्या एका भगदाडात हल्लेखोर क्लास.क्लासलोडर अशा नावानं आत शिरू शकत होता. ती वाट बुजवली गेली. २०१७मध्ये जावा ९ आलं आणि प्रत्येक क्लासला मॉड्यूल मिळालं. मार्च २०२२मध्ये क्लास.मॉड्यूल.क्लासलोडर अशी वळसा घालणारी वाट जगासमोर आली, तिला लोकांनी स्प्रिंग४शेल म्हटलं. दार बंद होतं, शेजारी नवी खिडकी बसवली गेली आणि तिला गज नव्हते. सांगायचा मुद्दा हा की पडताळणी बाइंडिंगनंतर येते, आणि काही हानी बाइंडिंगमध्येच होऊन जाते. म्हणून कोणती नावं आत घ्यायची याची यादी आधी. ती किंमत बरोबर आहे का, हे मागाहून.

आता दोन ओळींना एकत्र बघणारे नियम. चारही वारसांच्या हिश्श्यांची बेरीज एक व्हायला हवी, आणि दोन मुलांच्या हिश्श्यांची बेरीज त्यांच्या बापाच्या हिश्श्याइतकी. अशा नियमाला कोणतंही एक खानं जबाबदार नसतं. तो पूर्ण क्लासवर लिहावा लागतो, आणि मग चुकीला पत्ता मिळतो तो पूर्ण ऑब्जेक्टचा, म्हणजे मुळाशी असेल तर कोरा. खान्याखाली चुका छापणाऱ्या पानावर ती कुठेच दिसत नाही. बीन व्हॅलिडेशनमध्ये यावर उपाय आहे: ठरलेली चूक रद्द करायची आणि हवा तो पत्ता जोडून नवी उभी करायची. पण पत्ता कोणाचा द्यायचा? हिस्सा कोणाचा चुकला ते यंत्राला माहीतच नाही. शेवटच्या वारसाखाली छापली तर बिचाऱ्याला वाटतं, आपल्यावर आळ आला. मी ती तक्त्याच्या खाली, बेरजेच्या ओळीत छापतो. जाता जाता: हिस्से दशांशात साठवू नका. गेलेल्या मुलाची मुलं दोनऐवजी तीन असती, तर प्रत्येकाचा हिस्सा एक छेद बारा झाला असता, आणि तो दशांशात कधीच संपत नाही. तीन बरोबर माणसं मिळून एक चूक तयार होते. अंश आणि छेद वेगळे ठेवावेत. आपल्या आजोबांनी आणे-पै ठेवले होते, तेही काही वेडे नव्हते.

मराठी वाचकासाठी एक खास खोली या घरात आहे, तिकडे इंग्रजी पुस्तकं क्वचितच फिरकतात. नावात फक्त अक्षरं असावीत म्हणून रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘कुठलीही लिपी, पण अक्षर’ असा वर्ग लिहिला, तर ‘रमण’ पास होतो आणि ‘विठ्ठल’ नापास. कारण वेलांटी आणि हलन्ताचं चिन्ह युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, खुणा आहेत. त्यांचा वर्ग वेगळा जोडावा लागतो. ‘साइझ’ हे ॲनोटेशन डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजत नाही, स्ट्रिंगचे आतले घटक मोजतं: ‘क्षितिज’ आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, जावाला सात. आणि आकडे? रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंकांचा नेहमीचा वर्ग जावात फक्त इंग्रजी आकडे ओळखतो, पण इंटिजरमध्ये रूपांतर करणारी पार्सइंट मेथड ‘१२’ आनंदानं बारा म्हणून घेते. एकाच फॉर्ममध्ये वयाच्या खान्यात देवनागरी आकडे चालतात आणि पिनकोडच्या खान्यात चालत नाहीत, याचं कारण बहुधा हेच असतं. चुकीचा संदेशही मग ‘योग्य पिनकोड भरा’ असा येतो, आणि समोरचा माणूस म्हणतो, योग्यच तर भरलाय.

‘आणखी वारस जोडा’ या बटणाचा मान मात्र मोठा आहे. सर्व्हरवर जाऊन ओळ जोडणाऱ्या रचनेत ते बटण पूर्ण फॉर्म पाठवतं. मग पडताळणी व्हावी का? झाली तर अर्धवट भरलेल्या अर्जावर लाल अक्षरांचा पाऊस पडतो. नको म्हटलं, तर तोवर लिहिलेला मजकूर जपायचा कसा? अर्धा अर्ज जतन करून उद्या पुढे भरायचा असेल तर तोच प्रश्न मोठा होऊन समोर येतो. नियमांचे गट करायचे, मसुद्याचे वेगळे आणि अंतिम अर्जाचे वेगळे, ही सोय पहिल्या आवृत्तीपासून आहे. पोटात उतरताना गटाचं नाव बदलायची १.१पासून. वापरणारे थोडेच भेटले. गट चारावर गेले की कोण कधी लागू होतं हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही, हा त्यांचा आक्षेप मला अगदीच गैर वाटत नाही.

वर मी विकेटचं नाव टाळलं, कारण त्याच्याशी निवांत बोलायचं होतं. पोटफॉर्मला खरा फॉर्म मानणारं जावातलं फ्रेमवर्क म्हणजे ॲपाची विकेट. जोनाथन लॉक यांनी २००४मध्ये सुरू केलेलं हे काम २००७पासून ॲपाचीच्या छत्राखाली आहे. विकेटमध्ये फॉर्मच्या आत फॉर्म ठेवता येतो. पान लिहिताना आतल्या फॉर्मचा टॅग ते गुपचूप डिव्ह करून टाकतं, म्हणजे ब्राउझरचा नियमही मोडत नाही. बाहेरचं बटण दाबलं तर आतल्यासकट सगळं तपासलं जातं. आतलं दाबलं तर फक्त आतलं. चौथ्या वारसाच्या मुलांचा तक्ता आधी नीट करा, बाकी अर्ज अर्धवट राहू द्या, असं वापरणाऱ्याला सांगता येतं. ‘जोडा’ बटणापुरती नेहमीची प्रक्रिया बंदही ठेवता येते.

विकेटची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. आलेला मजकूर ते आधी खान्यापाशीच ठेवतं. रूपांतर करतं, खान्याचे नियम लावतं, मग फॉर्मचे. या सगळ्यांत एक जरी चूक निघाली तरी मूळ ऑब्जेक्टला हात लावत नाही. सगळं बरोबर ठरलं, की मगच मॉडेल बदलतं. जेएसएफचे टप्पेही याच क्रमानं जातात. स्प्रिंग आधी ऑब्जेक्ट भरतं आणि मग तपासतं, त्यामुळे चुकीच्या किमतींनी भरलेला ऑब्जेक्ट काही काळ हातात असतो. तो जर थेट डेटाबेसशी जोडलेला असला, तर त्या काळात काय घडू शकतं याची कल्पना अनुभवी वाचकाला येईल.

आपल्याकडे महसुली कागदांत ही रीत फार जुनी आहे. वारसाची वर्दी आली की तलाठी ती वारसाच्या नोंदवहीत, गाव नमुना ६-कमध्ये घेतो, फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकती घेतल्या जातात. मंडळ अधिकाऱ्यानं फेरफार प्रमाणित केल्यावरच सातबाऱ्यावर अंमल होतो. तोवर सातबारा जसा होता तसाच. नोंद आणि अंमल यांतलं अंतर ज्यानं तहसील कचेरीच्या बाकड्यावर बसून अनुभवलं आहे, त्याला विकेटचं जीवनचक्र समजावून सांगायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. ज्यांना ती कचेरी माहीत नव्हती, त्यांच्यासाठी फळा भरून चौकोन काढावे लागले.

विकेटलाही खोड आहे. ओळींचा तक्ता लिस्टव्ह्यूमध्ये मांडला आणि त्याला ‘जुन्या ओळी पुन्हा वापर’ असं सांगायचं राहिलं, तर पान पुन्हा लिहिताना तो सगळ्या ओळी नव्यानं बनवतो. मग खान्यापाशी जपून ठेवलेला मजकूर आणि त्याला चिकटलेल्या चुका जुन्या ओळींबरोबर जातात. वापरणाऱ्यानं चुकीची तारीख लिहिली, सबमिट केलं, आणि समोर कोरं खानं आलं. चूक काय झाली, याचा पत्ता नाही. त्या क्लासच्या दस्तऐवजात ठळक अक्षरांत ताकीद आहे. ती मी वाचली होती. वाचूनही एकदा विसरलो.

पहिलं प्रकरण वारसाच्या अर्जानंच सुरू होतं. फ्रेमवर्क नाही, ॲनोटेशन नाही. एक साधा सर्व्हलेट, सपाट नावांची माळ, आणि चौथ्या वारसाच्या दुसऱ्या मुलाची जन्मतारीख कोरी. ती चूक नेमक्या त्याच खान्याखाली छापायची आहे. हातानं, टिंबं आणि कंस स्वतः तोडून. साधारण साठ ओळींचं काम आहे, आणि मधली ओळ पुसायला विसरू नका.